माहितीपट करायचाय? आधी वर्षाचं गणित मांडा

मुंबईत फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, म्हणजे सावेदादांनी, १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली एक कुस्ती चित्रित केली. डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजहून गणितात सीनियर रँग्लर, म्हणजे पहिले, होऊन परतलेल्या र. पु. परांजप्यांचं चौपाटीवरचं स्वागतही त्यांनी कॅमेऱ्यात टिपलं. भारतातल्या माहितीपटाची सुरुवात या चित्रणांपासून मोजली जाते. त्यांचा रोजचा व्यवसाय फोटोग्राफीचा होता, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. सव्वाशे वर्षांनंतरही माहितीपटकाराला हीच घडी बसवावी लागते: घर चालवणारं एक काम आणि त्या कामाच्या आधारावर उभा राहणारा आपला सिनेमा.

आज ते घर चालवणारं काम बहुतेकांसाठी टेलिव्हिजन असतं. पण ही दोन कामं एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढतात. टीव्ही तुमच्याकडून आजच्या आज काम मागतो आणि चांगला माहितीपट एखादं अख्खं वर्ष मागतो. या क्षेत्रात टिकायचं तर कॅमेरा, शिक्षण आणि ओळखी या सगळ्यांच्या आधी वेळेची सोय लावावी लागते. पुढचं सगळं त्या हिशोबानेच लिहिलं आहे.

शिकायचं कुठे

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची स्थापना १९६० ची. तिथे दिग्दर्शनाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, शिवाय टीव्ही विभागात दिग्दर्शन, छायांकन, संकलन आणि ध्वनी यांचे एकेक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत. कोलकात्याची सत्यजित राय संस्था, दिल्लीत जामिया मिलिया विद्यापीठाचं मास कम्युनिकेशन केंद्र आणि मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा माध्यम विभाग हे इतर भक्कम पर्याय. ज्याला सामाजिक विषयांवर काम करायचं आहे, त्याने टाटा संस्था आणि जामियाचा विचार आधी करावा. तिथे कॅमेऱ्याबरोबर समाजाचा अभ्यासही करून घेतात.

प्रवेश मिळाला नाही तर अडून बसू नका. एखाद्या संकलकाकडे सहायक म्हणून सहा महिने काढा. दुसऱ्यांनी शूट केलेले तासन्‌तास डोळ्यांखालून गेले की कोणता शॉट कापता येतो, कोणता येत नाही आणि दिग्दर्शकाने काय घ्यायला हवं होतं हे आपोआप कळू लागतं. दिग्दर्शनाची याहून चांगली शाळा मला माहीत नाही.

टीव्हीत शिरताना

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. पुढची बरीच वर्षं मराठीत टीव्ही म्हणजे दूरदर्शनच होतं. आता खासगी वाहिन्या, त्यांच्यासाठी कार्यक्रम बनवणाऱ्या निर्मितीसंस्था आणि ओटीटी असा पसारा आहे. नोकरी बहुधा निर्मितीसंस्थेत मिळते, वाहिनीत नाही, त्यामुळे अर्ज तिथे करा.

दैनंदिन मालिकेत असिस्टंटपासून सुरुवात होते. मग असोसिएट, एपिसोड दिग्दर्शक आणि शेवटी मालिकेचा दिग्दर्शक. अर्ध्या तासाच्या स्लॉटसाठी साधारण बावीस मिनिटांचा मजकूर, रोज एक भाग आणि हाताशी चार-पाच तयार भागांची बँक, म्हणजे साठा, असावी म्हणून चाललेली धडपड, असं ते जग असतं. तिथे कंटिन्युइटी (एका शॉटमधून दुसऱ्यात तपशील जुळते ठेवणं), दोन-तीन कॅमेऱ्यांचं भान, अक्ष न ओलांडता, म्हणजे पात्रांच्या डाव्या-उजव्या बाजू न उलटता, दृश्य बसवणं आणि पन्नास-साठ माणसांचं युनिट शांतपणे हाकणं शिकायला मिळतं. पण मालिका सुट्टी देत नाही. तिच्यात अडकलेल्या दिग्दर्शकाला स्वतःच्या माहितीपटासाठी सलग आठवडाही काढता येत नाही.

म्हणून माहितीपटाकडे ओढा असणाऱ्यांना माझा आग्रह राहील की नॉन-फिक्शनमध्ये जा. संशोधक म्हणून शिरा, मग फील्ड दिग्दर्शक व्हा. गाण्याचे, स्वयंपाकाचे, प्रवासाचे कार्यक्रम सीझनमध्ये चालतात. सीझन संपला की मधले महिने तुमचे. संशोधकाला माणसं शोधणं, फोनवर त्यांचा विश्वास मिळवणं आणि दहा गोष्टींतली एक निवडणं रोज करावं लागतं. माहितीपटालाही नेमकं हेच लागतं. पीसीआरमध्ये, म्हणजे कार्यक्रमाच्या नियंत्रण कक्षात, बसण्याची संधी मिळाली तर कधी सोडू नका. समोर सहा-आठ मॉनिटर आणि कटचा निर्णय त्याच क्षणी. या सरावाने नजर तयार होते ती पुढे एकट्या कॅमेऱ्याने शूट करतानाही उपयोगी पडते.

पैशांबद्दल एक सावधगिरी. टीव्ही उद्योगात बिल दिल्यावर ९० दिवसांनी पैसे मिळण्याची पद्धत रूढ आहे, आणि त्यातूनही टीडीएस कापून मिळतात. पहिल्या वर्षी तीन-चार महिन्यांचा घरखर्च हाताशी ठेवूनच मुंबई गाठा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. तोवर साधं बिल चालतं.

विषय निवडणं म्हणजे वर्ष निवडणं

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. समजा तुम्हाला बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांवर फिल्म करायची आहे. ‘ऊसतोड कामगारांचं जीवन’ हा झाला लेखाचा मथळा. फिल्मचा विषय म्हणजे एक कोयता, अर्थात एक नवरा-बायको, आणि या हंगामात त्यांच्यापुढे उभा असलेला एक प्रश्न. उचल, म्हणजे मुकादमाकडून (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून) घेतलेली आगाऊ रक्कम, फिटेल का? मुलीला सोबत न्यायचं की आजीपाशी ठेवून शाळा चालू ठेवायची? प्रश्नाचं उत्तर तुम्हालाही माहीत नसावं आणि त्यांनाही. तरच वर्षभर शूट करण्यात अर्थ आहे.

मग त्यांच्या वर्षावर तुमचं वर्ष बसवा. पावसाळ्यात गावी जायचं, कॅमेरा न घेता. मुकादमाकडून उचल घेण्याच्या बोलण्या, पेरणी, पोळा हे सगळं पाहायचं. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात, तेव्हा गावातून निघण्याचे दोन-तीन दिवस शूटसाठी राखून ठेवा. ते पुन्हा वर्षाने येणार. गाळप हंगामात पश्चिम महाराष्ट्रातल्या उसाच्या फडात किमान तीन फेऱ्या हव्यात. एक सुरुवातीला कोप्या, म्हणजे राहायच्या झोपड्या, उभारताना, एक ऐन थंडीत आणि एक कारखान्याचा पट्टा पडताना, म्हणजे गाळप संपताना. परतल्यावर मुकादमाशी हिशोब होतो. तो प्रसंग फिल्मचा कणा ठरण्याची शक्यता आहे आणि तो शूट करायला मिळणं ही सगळ्यात अवघड गोष्ट आहे. पावसाळ्यातल्या कॅमेऱ्याविना भेटींचं फळ इथे मिळतं.

उसाच्या जागी कोळीवाडा घ्या, वारी घ्या, कोल्हापूरची तालीम घ्या. प्रत्येकाचं स्वतःचं पंचांग आहे. मासेमारी पावसाळ्यात बंद असते, वारी ज्येष्ठात निघून आषाढी एकादशीला पंढरपुरात पोचते. त्या पंचांगाशी तुमच्या टीव्हीच्या सीझनचा मेळ बसत नसेल तर विषय बदला किंवा काम बदला. दोन्हींत ताणत बसलात तर दोन्ही अर्धवट राहतात.

विषय ठरला की दोन पानांचं टिपण लिहा. कोण, कुठे, कोणता प्रश्न, हीच वेळ का आणि तुम्हीच का. त्याखाली दहा संभाव्य दृश्यं लिहा, पण घडणाऱ्या कृती म्हणून. ‘मुलाखत’ हे दृश्य नाही. ‘पहाटे फडात मोळ्या बांधताना दोघांत कामाच्या वाटणीवरून बोलणं’ हे दृश्य आहे. टिपण आणि पटकथा स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदवता येते. कॉपीराइट मात्र नुसत्या कल्पनेला मिळत नाही, लिहून काढलेल्या मांडणीला मिळतो. म्हणून सविस्तर लिहा.

संमती

संमतीपत्र मराठीत असावं, एका पानाचं असावं आणि सही घेण्याआधी मोठ्याने वाचून दाखवावं. ज्यांना वाचता येत नाही त्यांची संमती कॅमेऱ्यासमोर, त्यांच्याच शब्दांत रेकॉर्ड करा. त्यात फिल्म कुठे दाखवली जाऊ शकते हे स्पष्ट सांगा: महोत्सव, टीव्ही, इंटरनेट. इंटरनेटवर गेलेली गोष्ट परत घेता येत नाही, हेही सांगा.

पण एक सही वर्षभर पुरत नाही. बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अशा विषयावर एखादी बाई तुमच्याशी बोलली, तर ती त्या क्षणी विश्वासाने बोललेली असते. चार महिन्यांनी, सासरच्यांसमोर किंवा पुढच्या हंगामाची उचल मागताना ते बोलणं तिला अडचणीत आणू शकतं. म्हणून नाजूक भाग संकलनात घेण्याआधी तिला दाखवा आणि पुन्हा विचारा. ती नको म्हणाली तर तो भाग काढा, कितीही ताकदीचा असला तरी. अशा मुलाखतींना युनिटमध्ये बाई हवीच, आणि शक्यतो प्रश्न तिनेच विचारावेत.

मुलांच्या बाबतीत पालकांची लेखी संमती लागते. अत्याचारग्रस्त मुलांची ओळख उघड करायला पॉक्सो कायद्याने बंदी आहे आणि लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख जाहीर करणंही गुन्हा आहे. नुसता चेहरा धूसर केला की भागत नाही. आवाज, घराचं दार, गावाची पाटी, शाळेचा गणवेश यांवरून गावातला माणूस ओळखतोच.

पैसे द्यायचे का, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. बोलण्याचे पैसे देऊ नयेत, त्याने बोलणं बदलतं. पण तुमच्यामुळे कोणाचा दिवस मोडला, रोज बुडाला, तर ती भरपाई द्यावी आणि ती बजेटमध्ये आधीच धरावी. तोडलेल्या टनांवर मजुरी मिळणाऱ्या माणसाला तासभर थांबवणं म्हणजे त्याच्या हिशोबातून तेवढे पैसे काढणं.

कॅमेरा आणि आवाज

कॅमेऱ्यावर लोक गरजेपेक्षा जास्त खर्च करतात. आजचा मध्यम किमतीचा मिररलेस कॅमेरा टीव्ही आणि महोत्सव दोन्हींना पुरतो. काही गोष्टी पहिल्याच दिवशी ठरवून टाका. फ्रेम रेट २५ आणि शटर १/५०. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे याने ट्यूबलाइटचा लपलपाट टळतो आणि टीव्हीलाही हाच दर चालतो. फडातली तोड पहाटे अंधारात सुरू होते, त्यामुळे एक उजेडी लेन्स घ्या, एफ १.८ किंवा त्याखालची. वेगळे दिवे लावू नका. माणसं आपल्या कामाच्या उजेडात जशी दिसतात तशीच दिसू द्या.

खरा खर्च आवाजावर करा. हलणारं चित्र प्रेक्षक सहन करतो, न कळणारं बोलणं तो दोन मिनिटंही सहन करत नाही. दोन वायरलेस लेपल (कपड्याला लावायचे छोटे माइक), एक गन माइक (समोरच्या दिशेचा आवाज टिपणारा लांब माइक) आणि त्यावर केसाळ कव्हर, कारण उसाच्या पात्यांतून वाहणारा वारा उघड्या माइकवर नुसता घरघरतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, बोलण्याची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास. हेडफोन कानावर असल्याशिवाय रेकॉर्ड बटण दाबू नका. प्रत्येक ठिकाणी एक मिनिट कोणी न बोलता तिथला नुसता आवाज घ्या: फडाचा, कोपीचा, कारखान्याच्या गेटवर लागलेल्या गाड्यांच्या रांगेचा. संकलनात तो मिनिट वारंवार लागतो.

उसाच्या ट्रॅक्टरवर गाणी मोठ्याने लागलेली असतात. वातावरण म्हणून ती छान वाटतात, पण त्या गाण्याचे हक्क संगीत कंपनीकडे असतात. तुमचं महत्त्वाचं संभाषण त्या गाण्यावर रेकॉर्ड झालं तर ते वेगळं काढणं कठीण, आणि गाण्यासकट दाखवायचं तर परवानगी व पैसे दोन्ही लागतात. चालकदादांना विनंती करून बोलण्यापुरतं गाणं बंद ठेवायला सांगा.

मुलाखत घेताना खुर्ची मांडून समोर बसवण्याची घाई करू नका. हात कामात असले की माणूस मोकळा बोलतो. भाकरी थापताना, कोयत्याला धार लावताना, बैलांना वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, टाकताना विचारा. प्रश्न ‘हो-नाही’त संपणारे नसावेत. ‘उचल घेतली का?’ यापेक्षा ‘उचल घ्यायला गेलात तो दिवस सांगा’ म्हणा. उत्तर संपल्यावर पाच सेकंद गप्प राहा. अनेकदा खरं वाक्य त्यानंतर येतं. आणि त्यांची बोली सुधारू नका, पुस्तकी मराठीत परत बोलायला तर कधीच सांगू नका.

१०० एमबीपीएस दराने ४के शूट केलं तर तासाला ४५ जीबी होतात. पन्नास तासांचे सव्वादोन टीबी. त्याच्या तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या गावात. म्हणजे पावणेसात टीबीची जागा. कार्ड त्याच रात्री रिकामं करायचं, पण दोन प्रती तपासल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही. नावं तारीख, ठिकाण, कॅमेरा अशा क्रमाने. सोबत वहीत रोजची नोंद: काय घडलं, कोण होतं, काय चुकलं.

परवानग्या

महाराष्ट्रात चित्रीकरणाच्या परवानग्यांसाठी एक खिडकी योजना आहे आणि ती गोरेगावच्या चित्रनगरीचं महामंडळ सांभाळतं. रेल्वेच्या हद्दीसाठी त्या त्या विभागाचं जनसंपर्क कार्यालय, संरक्षित स्मारकांसाठी पुरातत्त्व खातं, अभयारण्यासाठी वन विभाग. कारखान्याच्या आवारात जायचं तर कार्यकारी संचालकांचं लेखी पत्र घ्या. गावात ग्रामपंचायतीला कळवणं आणि पोलीस पाटलांना भेटणं यात तास जातो, पण नंतरचे दिवस वाचतात. ड्रोनला २०२१ चे नियम लागू आहेत: २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण उडवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळाच्या नकाशावर क्षेत्र हिरवं आहे का ते पाहावंच लागतं.

पैसा कुठून

बजेट मांडताना शूटवर निम्म्याहून जास्त खर्च जाणार नाही असं पाहा. संकलन, ध्वनिमिश्रण, कलर, सबटायटल, संगीताचे हक्क, सिनेमागृहासाठीची डीसीपी ही डिजिटल प्रत, महोत्सवांची प्रवेश फी आणि वर दहा टक्के आकस्मिक, हे सगळं शूट संपल्यावर येतं आणि तेव्हा खिसा रिकामा असतो. अर्ध्यावर थांबलेले बहुतेक माहितीपट इथेच थांबतात.

फिल्म्स डिव्हिजन १९४८ पासून सरकारी माहितीपटांचं मोठं घर होतं. २०२२ मध्ये ते एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झालं. आता निर्मितीसाठीचे अर्ज आणि जुन्या चित्रणाची मागणी, दोन्हींसाठी एनएफडीसीचं दार ठोठवावं लागतं. दिल्लीतली पीएसबीटी ही माहितीपटांची संस्था, कोलकात्याचा डॉकएज हा माहितीपटांचा मंच, गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय महोत्सवासोबत नोव्हेंबरमध्ये भरणारा फिल्म बाजार, आणि बाहेर अ‍ॅमस्टरडॅमच्या इडफा महोत्सवाचा बर्था फंड व अमेरिकेतल्या सनडान्स संस्थेचा माहितीपट निधी, या जागांवर नजर ठेवा. यांतल्या बहुतेक ठिकाणी तीन ते पाच मिनिटांची चित्रफीत मागतात. म्हणून पहिल्या फेरीचं शूट स्वतःच्या टीव्हीच्या कमाईतून करायचं आणि त्याच्या बळावर पुढच्या फेऱ्यांचे पैसे मागायचे. चित्रफितीत विषयाची माहिती भरू नका. एक माणूस आणि एक न सुटलेला प्रसंग दिसू द्या.

संकलन

आधी सगळ्या बोलण्याचं लेखी रूपांतर करा, टाइमकोडसकट. कंटाळवाणं आहे, तरी स्वतः करा. त्यातून कागदावरचं संकलन तयार होतं: कोणतं दृश्य कशानंतर, कुणाचं कोणतं वाक्य. मग असेम्ब्ली, म्हणजे निवडलेली दृश्यं क्रमाने लावलेली पहिली जुळणी, जी तीन-चार तासांची असेल. मग रफ कट, म्हणजे फिल्मचं पहिलं कच्चं रूप. मग काही आठवडे त्यापासून दूर राहा. टीव्हीचा एखादा सीझन या मधल्या काळात बसवता आला तर उत्तम.

संकलक दुसरा असावा. तुम्हाला आठवतं की त्या शॉटसाठी रात्रभर थंडीत थांबलो होतो. संकलकाला फक्त शॉट दिसतो, आणि प्रेक्षकालाही तेवढाच दिसणार असतो. निवेदन लिहायचा मोह शेवटपर्यंत आवरा. जे दृश्य सांगतं ते निवेदनाने पुन्हा सांगू नये. निवेदन लागलंच तर आकडे, तारखा आणि ठिकाणं एवढ्यापुरतं.

लांबी आधीच ठरवा. आंतरराष्ट्रीय टीव्हीचा स्लॉट ५२ मिनिटांचा, त्याचा अर्धा २६ चा. ऑस्करसाठी लघु माहितीपटाची मर्यादा ४० मिनिटं. पासष्ट मिनिटांची फिल्म टीव्हीच्या ठरलेल्या स्लॉटमध्ये बसवणं अवघड जातं.

पिक्चर लॉक, म्हणजे चित्राचं संकलन अंतिम, करण्याआधी फिल्म ज्यांच्यावर आहे त्यांना दाखवा. ऊसतोडीच्या फिल्मसाठी ही वेळ उन्हाळ्यात येते, टोळ्या गावी असतात तेव्हा. तपशिलाच्या चुका तेच दाखवतील: हे वाढं विकायचं नव्हतं, तो आमचा मुकादम नव्हे. त्या दुरुस्त करा. कोणाला आपली बाजू अपुरी वाटली तर ऐका, संकलकाशी बोला, पण अंतिम निर्णय तुमचा असतो आणि तो त्यांना समोरासमोर सांगण्याची जबाबदारीही तुमचीच.

सबटायटल दोन ओळींच्या वर नेऊ नका. भाषांतर बीडची बोली कळणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या.

दाखवणं आणि करार

सिनेमागृहात किंवा सार्वजनिक प्रदर्शनासाठी १९५२ च्या कायद्यानुसार सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं. महोत्सवांना केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट मिळते, ती आयोजक घेतात. ओटीटीला २०२१ चे आयटी नियम लागू होतात. फिल्ममध्ये प्राणी असतील, आणि उसाच्या फिल्ममध्ये बैल असणारच, तर प्राणी कल्याण मंडळाच्या कागदपत्रांची चौकशी शूटच्या आधी करा, नंतर नाही.

मुंबईचा मिफ महोत्सव १९९० पासून दर दोन वर्षांनी भरतो आणि केवळ माहितीपट, लघुपट व अ‍ॅनिमेशनला वाहिलेला आहे. केरळचा माहितीपट महोत्सव तितकाच महत्त्वाचा, तिथला प्रेक्षक प्रश्न विचारतो. पहिल्या खेळाचा मान कोणाला द्यायचा ते नीट ठरवा. अनेक मोठे महोत्सव जागतिक किंवा देशातला पहिला खेळ मागतात, म्हणून यूट्यूबवर टाकण्याची घाई करू नका.

वाहिनीशी करार करताना चार गोष्टी पाहा: हक्क कोणत्या प्रदेशाचे, किती वर्षांचे, किती प्रक्षेपणांचे आणि कोणत्या माध्यमाचे. ‘सर्व माध्यमं, सर्व जग, कायमचे’ असं लिहिलेलं असेल तर त्यावर सही करू नका. ठरावीक वर्षांचा परवाना द्या आणि मूळ चित्रण स्वतःकडे ठेवा. चित्रपटाचा कॉपीराइट भारतात प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. इतक्या काळात तुमच्या त्या पन्नास तासांतला एखादा तुकडा दुसऱ्या कुणाला हवा असेल. ऊसतोडीच्या मजुरीचा दर, कोप्यांची रचना, हातातला कोयता हे सगळं तोवर बदललेलं असेल. तेव्हा न वापरलेलं चित्रणही नोंदीसकट जपा, दर तीन-चार वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवा आणि करारात त्या चित्रणाच्या मालकीचं कलम वेगळं लिहून घ्या.